डावा पाय क्लचवर

ज्या गावात तळ्याला आग लागते, त्या गावात कुणाच्या हॉलमध्ये विमान उभं राहिलं तर शेजारीपाजारी फारसं मनावर घेत नाहीत. बेळ्ळंदूरचं तळं 2015 साली पेटलं, 2017 च्या फेब्रुवारीत पुन्हा पेटलं आणि 2018 च्या जानेवारीत तर विझवायला सैन्याचे जवान आणावे लागले. मधल्या काळात तळ्यातला फेस वाऱ्यावर उडून रस्त्यावर येत होता आणि स्कूटरवाले त्यातून वाट काढत ऑफिसला जात होते. हे सगळं ज्यांनी बाल्कनीत चहा पीत बघितलं आहे, त्यांना लिफ्टमधून प्लायवूड, ओम्नीची जुनी सीट आणि पीव्हीसीचे पाइप वर जाताना बघून धक्का कशाला बसेल? सिक्युरिटीवाल्याने तेवढं विचारलं, "सार, एनु इदु?" मी म्हटलं, "विमान." त्याने वहीत 'फर्निचर' असं लिहिलं आणि माझी सही घेतली.

तळ्याच्या उत्तर अंगाला एचएएल या विमान-कारखान्याची धावपट्टी आहे, तीन किलोमीटरहून लांब. 2008 च्या मे महिन्यापर्यंत बंगळुरूची सगळी प्रवासी वाहतूक तिथूनच चालायची. ती देवनहळ्ळीला गेली, पण तेजस, हॉक आणि ध्रुव हेलिकॉप्टरं मागे राहिली. ऑफिसच्या कॉलवर 'एक मिनिट, विमान जातंय' म्हणून जो थांबतो तो बेळ्ळंदूर-यमलूर पट्ट्यातला समजावा. या कारखान्याबद्दल आपल्याला थोडा घरचा जिव्हाळा असायला हरकत नाही. 1940 साली तो काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन. पण माझं दुखणं जिव्हाळ्याचं नव्हतं. डोक्यावरून रोज कुणीतरी तिरकं होऊन झूमकन निघून जातो आणि आपण खाली आउटर रिंग रोडवर पहिल्या गिअरात, शेजारच्या टेम्पोमागचं लिंबू-मिरची निरखत बसलेले. असं वर्षानुवर्षं झालं की माणूस एकतर गुरू करतो नाहीतर विमान.

संगणकावर विमान उडवायची सोय आता उत्तम झाली आहे. 'फ्लाइटगिअर' फुकट मिळतं. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' 1982 पासून आहे, आणि त्याच्या 2020 च्या आवृत्तीत तर उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी केली आहे. अडचण एवढीच, की बाणांच्या चार बटणांवर विमान चालत नाही. बटण एकतर दाबलेलं असतं नाहीतर सोडलेलं असतं, आणि विमानाला सगळं थोडंसं लागतं. थोडंसं डावीकडे, थोडंसं वर, झालं, आता थोडंसं परत. कीबोर्डवरून मी उडवलेलं विमान बघून मुलीने विचारलं होतं, "बाबा, ह्याला उचकी लागलीय का?"

तयार जॉयस्टिक बाजारात असतात. स्वस्तातल्या खुळखुळतात आणि बऱ्या असतात त्यांची किंमत ऐकून आपण "जोडीची का?" असं विचारतो. अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य आपोआप तोंडातून निघतं: "यात आहे काय एवढं? घरी होईल की!" या वाक्याने महाराष्ट्रातल्या किती मिक्सर-इस्त्र्या कायमच्या उघड्या पडल्या त्याची मोजदाद नाही. तरी ते खरं आहे. घरी केलेली वस्तू नेहमीच स्वस्त पडते; हिशेब तेवढा लिहून ठेवायचा नाही.

पुण्यात अशा कामाला तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तसा बंगळुरात एस. पी. रोड. टाउन हॉलजवळच्या त्या बोळांत हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या दुकानांना एकदमच लागतात. जॉयस्टिकचा जीव म्हणजे पोटेन्शियोमीटर, दुकानात ज्याला नुसतं 'पॉट' म्हणतात. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तोच. दोन टोकांना पाच व्होल्ट द्यायचे, मधला पाय फिरेल तसा त्यावरचा दाब बदलतो, आणि आर्डुइनोचा बोर्ड त्या दाबाला 0 ते 1023 यांतला एक आकडा देतो. दांडी मधोमध असली की 512 च्या आसपास. गल्ल्यावरच्या शेठने चष्म्यावरून बघत हिंदीत विचारलं, "आवाजासाठी पाहिजे की मशीनसाठी?" प्रश्न भारी होता. आवाजाचा पॉट 'ए' जातीचा असतो, आपल्या कानाच्या सोयीने आधी हळूहळू आणि मग भराभर चढणारा. तो दांडीला लावला तर अर्ध्या वाटेपर्यंत विमान ढिम्म आणि पुढे एकदम कोलांटी. आपल्याला 'बी' हवा, सरळमार्गी, दहा के-चा. बोर्डही लिओनार्डो जातीचा मागायचा, कारण तो संगणकाला स्वतःहून सांगतो की मी जॉयस्टिक आहे. एवढं मी तोंडपाठ म्हणून दाखवल्यावर शेठने चहा मागवला आणि भाव वाढवला.

दांडी सगळीकडे झुकायला हवी, म्हणून चौकटीत चौकट बसवायची. बाहेरची पुढे-मागे डुलते, आतली डावी-उजवी. मुलीच्या लहान झालेल्या स्केट्समधली बेअरिंगं त्यात अशी बसली की जणू त्यासाठीच तिचे पाय वाढले होते. स्प्रिंगा मी बॉलपेनांच्या लावल्या. याच सुमारास गडहिंग्लजहून सासरे आले.

अप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आहेत. शिवाय सीमेवरचा माणूस. कन्नड मराठीइतकीच सहज. मी आठ-दहा वर्षं बंगळुरात राहून 'सोल्प' आणि 'बेडा' यांच्यावर दिवस काढतो, आणि हे पहिल्या संध्याकाळी गेटवर सिक्युरिटीवाल्याच्या मुलाच्या शाळेची चौकशी करून वर आले. दांडी हातात धरून त्यांनी डोळे मिटले आणि ती हळूच हलवली.

"जावईबापू, ह्यात प्ले लई हाय."

स्टिअरिंगला 'प्ले' येतो म्हणजे चाक फिरतं पण गाडीला ते उशिरा कळतं. अप्पांच्या मते जगातली निम्मी दुःखं प्लेमुळे होतात. बॉलपेनच्या स्प्रिंगा त्यांनी चिमटीत धरून डस्टबिनमध्ये सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून जे गेले ते सर्जापूर रोडच्या बाजूच्या कुठल्याशा गॅरेजमधून चार साइड स्टँडच्या स्प्रिंगा घेऊन आले, आणि गॅरेजवाल्याच्या घरी जेवायचं आमंत्रणही. चार दिशांना चार स्प्रिंगा ताणल्यावर दांडी अशी कडक झाली, की ती ढकलायला संपूर्ण खांदा लागायचा. "पॉवर स्टिअरिंग न्हवतं तवाच्या गाड्या अशाच असायच्या," अप्पा समाधानाने म्हणाले.

मुठीचं काम मात्र बघण्यासारखं झालं. पीव्हीसीच्या पाइपावर एम-सीलचा थर द्यायचं ठरलं. दोन रंगांचे गोळे एक रंग होईपर्यंत तिंबायचे आणि हाताला पाणी लावून थापायचे. बोटांच्या खाचा नेमक्या याव्यात म्हणून ओल्या थरावर कुणीतरी मूठ धरून बसणं गरजेचं होतं. अप्पा बसले. एम-सील घट्ट होईपर्यंत टीव्हीवर बातम्या बघत, दुसऱ्या हाताने चिवडा खात, तासभर दांडी धरून बसले. सोडली तेव्हा करंगळीच्या वाकड्या पेरापासून (ती म्हणे एका लेलँडच्या बॉनेटखाली सापडली होती) अंगठीच्या खुणेपर्यंत सगळं त्यात उमटलं होतं. तेव्हापासून त्या दांडीवर जगात फक्त एकाच माणसाचा हात बसतो. कॅप्टन कोण हा वाद आमच्या घरात झाला नाही, तो एम-सीलने मिटवला.

पॉटची एक खोड मात्र अप्पांनाही काढता आली नाही. दांडी स्थिर असली तरी आकडा 511, 513, 512 असा कापत राहतो आणि विमानाला हुडहुडी भरते. घासणारी वस्तू, झिजायचीच. त्यावर उपाय म्हणजे मधल्या पाच-सहा आकड्यांकडे कानाडोळा करायला बोर्डाला शिकवणं, नाहीतर पॉट काढून लोहचुंबक आणि हॉल सेन्सर लावणं. त्यात काहीच कशावर घासत नाही. मी कानाडोळ्याचा मार्ग धरला. संसारात तो सरावाचा आहे.

हा उद्योग मुळातच जुगाडी आहे याचा मला फार आधार वाटतो. वैमानिकांना जमिनीवर शिकवणारं पहिलं नाव घेण्याजोगं यंत्र 1929 मध्ये एडविन लिंकने बनवलं, ते न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात, वडिलांच्या ऑर्गन आणि पियानोच्या कारखान्यात. आखूड पंखांची एक पेटी, आणि तिला डुलवायला खाली ऑर्गनचे भाते! सुरुवातीला ती घेतली करमणुकीच्या बागांनी, पोरांना झुलवायला. 1934 मध्ये अमेरिकन सैन्यावर टपाल वाहायची वेळ आली आणि धुक्या-वादळात वैमानिक मरू लागले, तेव्हा कुठे सैन्याने सहा पेट्या विकत घेतल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्या भात्यांवर हवेत न जाता शिकले. हे मी रात्री जेवताना रंगवून सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे तू लहानपणी पेटीचा क्लास सोडला नसतास तर आज माझा हॉल मोकळा असता."

तोवर हॉल खरोखरच भरला होता. कॉकपिटची चौकट करायला सुतार बोलावला. माझा नकाशा, त्यातल्या गोल खिडक्या आणि मधला कोनाडा बघून तो भाविकपणे म्हणाला, "साहब, मंदिर?" नाही म्हटल्यावर त्याचा विरस झाला, पण दर मंदिराचाच लावला. समोर जुना मॉनिटर, त्यावर भोकं पाडलेला पत्रा, पत्र्याला लाल झाकणांची टॉगल स्विचेस. ही स्विचेस कशालाच जोडलेली नाहीत असं बाहेर कुठे बोलू नका. खटका दाबल्यावर जो 'खट्' होतो तो पुरेसा असतो. तबकड्यांना गोल कडा हव्या होत्या. त्या मिळाल्या, पण नंतर स्वयंपाकघरातून प्रश्न आला: "माझ्या हिंगाच्या डबीचं झाकण तुझ्या अल्टिमीटरला लागलंय का?" लागलं होतं. आजही आमचं विमान खाली येऊ लागलं की फोडणीचा वास येतो.

मी मोठेपणाने कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण दिलं. कांदिवलीत घराच्या गच्चीवर त्या माणसाने सहा आसनांचं खरं विमान बांधलं, 2016 च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते बीकेसीत लोकांनी डोळ्यांनी बघितलं आणि 2017 मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. "त्यांनी गच्चीवर बांधलं," बायको म्हणाली. "गच्चीवर." ज्यांना गच्चीही लागत नाही असे विमानविद्येचे अभिमानी आमच्या नात्यात आहेत, ते चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात त्या तळपद्यांपासून सुरुवात करून 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथावर येतात. त्या ग्रंथातली विमानं उडणं शक्य नाही असं 1974 मध्ये इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेच्या पाच प्राध्यापकांनी गणित मांडून दाखवलं आहे. पण या अभिमान्यांचंही एक बरं असतं, त्यांच्या विमानाला प्लायवूड लागत नाही.

आता पेडलं. विमानाचं सुकाणू पायांनी चालतं: डावा पाय दाबला की नाक डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. त्यासाठी सासूबाईंनी दिवाळीला दिलेले शिसवी पाट बिजागऱ्या ठोकून कामाला लावले. (त्याबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही.) आणि मग उड्डाणाच्या पहिल्याच संध्याकाळी सगळ्या प्रकल्पातली मुख्य अडचण खुर्चीत बसल्याचं लक्षात आलं. अप्पांनी आयुष्यभर डाव्या पायाने क्लच दाबला आहे. वेग वाढला की गिअर टाकायचा, गिअर टाकायचा म्हणजे क्लच दाबायचा; यात मेंदूचा संबंध येतच नाही. त्यात सेसनासारख्या एका इंजिनाच्या विमानाची जन्मजात खोड अशी, की पूर्ण थ्रॉटल दिला की पंख्याच्या फिरण्यामुळे ते आपणहून डावीकडे ओढतं. वैमानिकाने उजवा पाय देऊन ते सरळ ठेवायचं असतं. इंजिन डावीकडे ओढतंय आणि अप्पा डावीकडेच दाबताहेत. एचएएलवरून पश्चिमेला उड्डाण करताना डावीकडे काय आहे? बेळ्ळंदूरचं तळं. धावपट्टी सोडून गवतातून उड्या मारत विमान दरवेळी आमच्याच घराच्या दिशेने निघायचं. "घरच्या वढीची गाडी हाय," अप्पा म्हणायचे.

समजावून पाहिलं. "अप्पा, विमानाला क्लच नसतो." "असंल. पण पाय मोकळा ठेवून गाडी चालवत्यात व्हय कोण?" डाव्या पायात मोजा, उजव्यात चप्पल, असंही करून झालं. शेवटी मन रमावं म्हणून त्यांना जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एचएएलच्या संग्रहालयात नेलं. तिथे मरुत आहे, किरण आहे, पैसे भरून बसायला सिम्युलेटरही आहे. अप्पा थांबले ते एचटी-2 समोर. एकामागे एक दोन माणसं बसणारं, 155 अश्वशक्तीचं साधं शिकाऊ विमान. 1951 मध्ये पहिल्यांदा उडालं, भारतात आराखडा होऊन उत्पादनात गेलेलं पहिलंच. आराखडा डॉ. विष्णू माधव घाटग्यांचा. जर्मनीत ग्यॉटिंगनला प्रांटलसारख्या वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले, विज्ञान संस्थेतला विमानविद्येचा विभाग ज्यांनी सुरू केला ते घाटगे, आणि गाव हसूरचंपू, जिल्हा कोल्हापूर.

"आमचं हसूरचंपू?" अप्पांनी विचारलं. मग ते विमानाभोवती दोनदा फिरले, वाकून खाली बघितलं, आणि एखाद्या चुलतभावाचं घर बघून आल्यासारखे गप्प झाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्या गाडीला क्लच असनार न्हाई." घाटग्यांनी ठेवला नाही म्हणजे तो नकोच, हे त्यांनी मनापासून मान्य केलं. पायाने केलं नाही.

मार्ग निघाला तो खंडेनवमीला. आयुधपूजेला बंगळुरात रिक्षापासून सर्व्हरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं आणि रस्तोरस्ती कोहळे फुटतात. हॉलमध्ये कोहळा फोडायला बायकोने साफ नकार दिला. झेंडूची माळ चालेल, चाकाखाली लिंबू चालेल. विमानाला चाकं नव्हती. अप्पांनी लिंबू ठेवलं ते डाव्या पाटाखाली.

त्या दिवशी विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून सरळ गेलं. अप्पांनी सवयीने क्लच दाबला, लिंबाने तो अडवला, चिडून त्यांनी दुसरा पाय दाबला आणि नेमका तोच दाबायचा होता. तळं, केंब्रिज लेआउट, सगळं पोटाखाली सोडून आम्ही हवेत! बेडरूममध्ये टॉवर होता. म्हणजे मुलगी, कानाला हेडफोन लावून. "आजोबा, उजवीकडे वळा आणि हुबळीपर्यंत मला विचारू नका, माझं गणित राहिलंय."

कोल्हापूर हवेतून साडेपाचशे किलोमीटर, सेसनाला अडीच तास. सिम्युलेटरमध्ये वेळ पुढे ढकलायची सोय असते, ती अप्पांनी हाणून पाडली. गाडी ज्या वेळेला पोचते त्याच वेळेला पोचली पाहिजे. नकाशा त्यांना नको होता. खाली पुणे-बंगळूर हायवे दिसत होता, त्याला ते अजून 'एन. एच. फोर'च म्हणतात, तो धरून तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे. दावणगेऱ्यावर त्यांनी थ्रॉटल मागे घेतला. "हितं दोशाला धा मिनिटं थांबत्यात." विमान हवेत थांबत नाही हे पटवून द्यायला बायकोने पोहे आणले. बेळगावच्या पुढे त्यांनी वाट वाकडी करून गडहिंग्लज गाठलं. हिरण्यकेशी नदी होती, पूल होता. घर सापडलं, पण ते तीन मजली होतं. छतांच्या छायाचित्रांवरून संगणक अंदाजाने घरं उभी करतो, त्यात असं होतं. 2020 मध्ये मेलबर्नच्या एका उपनगरात नकाशातल्या चुकीच्या आकड्यामुळे दोन मजल्यांचं घर दोनशे बारा मजल्यांचं झालं होतं. अप्पांनी खाली वाकून खात्री केली आणि म्हणाले, "धाकट्यानं न इचारता बांधलं असंल."

उजळाईवाडीला उतरण्यापूर्वी टॉवरने परवानगी नाकारली. कारण विचारलं तर उत्तर आलं, "दूध पितेय." म्हणून पंचगंगेवर घिरट्या घातल्या. मग खांद्याचा जोर लावून अप्पांनी दांडी मागे ओढली, टायर चीत्कारले, डावा पाय लिंबावर गच्च, आणि विमान रेषेवर थांबलं. अप्पांनी खिशातलं नाणं काढून पत्र्यावर दोनदा वाजवलं.

"उतरा. हितनं पुढं गडहिंग्लजची यष्टी, दोन तास."

विमान अजून हॉलमध्येच आहे आणि दिवाळीपर्यंत ते हलवायचं मी कबूल केलं आहे. कोणत्या दिवाळीपर्यंत हे ठरलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला असा उद्योग करायचाच असेल तर पॉट 'बी' जातीचे, दहा के-चे घ्या, स्प्रिंगा गॅरेजमधून आणा, हिंगाच्या डबीला हात लावू नका, पाट नवे विकत घ्या. एसटीतल्या माणसाला वैमानिक करणार असाल तर डाव्या पेडलखालचं लिंबू आठवड्याला बदला. सुकलं की ते दबतं.